अक्काच्या पाळीची अंडी

१

चौथी खेपही गेली होती.

हौदात लाखभर पिल्लं होती आणि त्यांतलं एकही धड पोहत नव्हतं. कित्येक तर अंड्यातच मेली होती. जी बाहेर आली होती, ती तळाशी एका कुशीवर पडून जागच्या जागी गोल फिरत होती. भिंगबाईंनी काचेच्या नळीने दहाबारा उचलली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बराच वेळ डोळा हलवला नाही. प्रत्येकाचा कणा वाकडा होता. हृदयाभोवतीची पिशवी पाण्याने टम्म फुगली होती आणि आतलं टाचणीच्या टोकाएवढं हृदय थांबून थांबून चालत होतं. एवढ्याशा जिवाला असं दमलेलं पाहून त्यांना कसंसंच झालं.

भिंगबाई म्हणजे मत्स्यखात्याच्या रोगतपासनीस. गळ्यात कायम एक भिंग लटकलेलं, म्हणून खात्यात सगळे त्यांना त्याच नावाने ओळखत आणि त्याही फोन उचलताना बेधडक तेच नाव सांगत. मासे कशाने मेले हे शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. माणसांपेक्षा मासे बरे, निदान खोटं तरी बोलत नाहीत, असं त्या म्हणायच्या. पण खरं सांगायचं तर त्यांना माणसांचीच जास्त माया होती, आणि त्यापायी त्या अनेकदा गोत्यात आल्या होत्या.

हे केंद्र होतं समुद्री माशांच्या पिल्लांचं. मोठ्या टाकीत नर-माद्यांचा कळप ठेवायचा, त्यांनी टाकलेली अंडी पहाटे पाण्यावरून गाळून घ्यायची, अंडीघरातल्या हौदात सोडायची आणि दीड दिवसाने पिल्लं बाहेर पडली की दुसऱ्या खोलीत वाढवायची. पिल्लं बोटाएवढी झाली की आसपासच्या गावांतले कोळी ती नेऊन समुद्रातल्या पिंजऱ्यांत पाळत. म्हणजे या एका हौदावर बरीच घरं चालत होती.

आणि हा हौद बावीस वर्षं अक्का सांभाळत होती.

अक्का दाराशी उभी होती. साठीला टेकलेली, बारीक चणीची बाई. तिने काही विचारलं नाही. भिंगबाईंचा चेहरा पाहूनच ती काय ते समजली आणि ओल्या हातांनी डोळे पुसायला लागली.

बाहेरच्या व्हरांड्यात व्यवस्थापकांनी भिंगबाईंना बाजूला घेतलं. मनुष्य वाईट नव्हता, पण वरच्यांना भारी घाबरायचा. शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर अक्काला अंडीघरातून काढून खाद्याच्या गोदामात बसवायचं, असा हुकूम आलाय म्हणाले.

"तिलाच का?" भिंगबाईंनी विचारलं.

व्यवस्थापकांनी नोंदवही उघडली. गेल्या आठ खेपांपैकी चार मेल्या होत्या, चार ठणठणीत होत्या. तोच हौद, तेच पाणी, तेच आईबाप. एक खेप अक्का सांभाळायची, पुढची दुसरी बाई सांभाळायची, असा पाळीचा नेम होता. व्यवस्थापकांनी मेलेल्या चारही खेपांवर बोट ठेवलं. चारही अक्काच्या पाळीच्या होत्या.

२

दुसऱ्या बाईंना सगळे धाकट्या बाई म्हणत. वयाने अक्कापेक्षा वीस वर्षांनी लहान, कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. अक्का गेली की अंडीघर त्यांच्याकडे येणार हे उघड होतं आणि ते त्यांनीच आधी सांगून टाकलं.

"तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, फायदा माझा आहे," त्या म्हणाल्या. "पण अक्कानेच मला अंडं बघायला शिकवलं. तिचं वाईट करून मी या हौदावर कुठल्या तोंडाने उभी राहू?"

भिंगबाईंना हे पटलं, पण पटलं म्हणून सोडून द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी धाकट्या बाईंची साबणाची वडी हुंगली, हातमोजे पाहिले, कपाट उघडायला लावलं. मग अक्काचंही तसंच पाहिलं. दोघींचा साबण एक, मोजे एका खोक्यातले, गाळणीही एकच. अक्का हाताला काही लावत नव्हती, डोक्याला तेलसुद्धा पाळीच्या दिवशी लावत नव्हती. अंड्यांना वास लागतो म्हणे. अशी बाई बेफिकिरीने चार लाख जीव मारेल, हे भिंगबाईंच्या गळी काही उतरेना.

मग कोणी मुद्दाम करत होतं का? अक्काशी कोणाचं वाकडं आहे, असं त्यांनी धाकट्या बाईंनाच विचारलं. त्या जरा घुटमळल्या आणि त्यांनी खिडकीतून पंपघराकडे नजर टाकली. मग हळूहळू सगळं सांगितलं.

केंद्राचे पंप, नळ आणि जाळ्या सांभाळणारा पंपवाला हा अक्काचा सख्खा धाकटा भाऊ. चार वर्षं झाली, दोघं एकमेकांशी शब्दानेही बोलत नव्हते. त्यांची आई शेवटी अंथरुणाला खिळली होती. अक्काचं म्हणणं, तिला घरीच ठेवायची. पण आई राहायची भावाकडे, बायको गेल्यापासून तो एकटाच, रोज उचलून-धरून त्याची कंबर गेलेली. त्याने तिला शुश्रूषागृहात नेऊन ठेवली. तिथे पाच महिन्यांत ती गेली, आणि गेली तेव्हा दोघांपैकी कोणीच जवळ नव्हतं. तेराव्या दिवशी अक्का भावाला म्हणाली की आजपासून मला भाऊ नाही. तेव्हापासून ती पंपघरात शिरली की तो मागच्या दाराने बाहेर पडायचा. केंद्रात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"पण तो असं करणार नाही," धाकट्या बाई घाईने म्हणाल्या, आणि मग आपल्याच बोलण्यावर विश्वास नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "करेल का हो?"

भिंगबाई फाटकाशी गेल्या. राखणदार गप्पिष्ट होता, त्याला नुसतं हो म्हणायचा अवकाश, तो बोलतच सुटायचा. कोण कधी येतं, कोणाच्या सायकलची चेन करकरते, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं. पंपवाल्याची वेळ आठची. पण गेल्या दोन महिन्यांपासून मधूनच तो उजाडताच येतो आणि थेट अंडीघरात जातो, असं तो म्हणाला.

"मधूनच म्हणजे कधी?"

राखणदाराने बोटं मोजली. ज्या ज्या दिवशी अक्काची अंडी हौदात पडायची, त्या त्या दिवशी.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. भिंगबाईंनी हौदाचं पाणी आदल्याच दिवशी पाठवलं होतं आणि तिथल्या रसायनवाल्या मैत्रिणीच्या मागे तगादा लावला होता. मैत्रीण म्हणाली की रोगजंतू नाहीत, कीटकनाशक नाही, गंजलेल्या नळाचं तांबं-जस्तही नाही. एक भलतीच गोष्ट आहे. वस्तूला चटकन आग लागू नये म्हणून तिच्यात जे रसायन घालतात, ते या पाण्यात सापडलंय. प्रमाण अगदी थोडं, पण अंड्यातल्या जिवाला तेवढंही पुरतं.

भिंगबाईंनी पूर्वी एका खाडीत अशीच वाकड्या कण्याची पिल्लं पाहिली होती. तिथे वरच्या अंगाला जुन्या गाद्या आणि पडदे फाडून फेकत असत. मोठे मासे त्या पाण्यात खुशाल राहायचे. पण अंड्यात हृदय घडत असतं, तेव्हाच हे रसायन आत शिरलं की ते हृदय नीट वळत नाही, आणि कणाही वाकडाच वाढतो.

व्यवस्थापकांना हे कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आगीची भीती म्हणून गेल्याच वर्षी त्यांनी कचेरीला आगरोधक रंग लावून घेतला होता, त्याचं पत्रक छापून सगळीकडे मिरवलंही होतं. आता तो रंगच आपल्या मुळावर येतोय की काय, असं त्यांना वाटलं. भिंगबाईंनी त्यांना शांत केलं. रंग कचेरीत होता, अंडीघरात नाही. आणि रंगाचं असतं, तर धाकट्या बाईंच्या खेपाही मेल्या असत्या. रंगाला काय कळतं, आज कोणाची पाळी आहे ते? जे काही होतं ते अक्काच्या पाळीला येत होतं आणि पाळी संपली की निघून जात होतं.

"म्हणजे माणूसच," व्यवस्थापक म्हणाले. "तो पंपवालाच. मी आजच त्याला हाकलतो."

"शनिवारपर्यंत माझी मुदत आहे," भिंगबाई म्हणाल्या. "तोवर कोणाला हाकलायचं नाही."

रात्रभर त्या नोंदवही चाळत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्यांना झोप लागायची. गुरुवारी सकाळी ताज्या डोक्याने त्या वही घेऊन अंडीघराच्या पायरीवर बसल्या. मेलेल्या अंड्यांचा रकाना त्यांनी दहादा पाहिला होता. आज सहज त्याच्या शेजारचा पाहिला. तो होता चिरडलेल्या अंड्यांचा.

हौदाच्या मधोमध पाणी बाहेर जायचा उभा नळ होता, त्याला बारीक जाळी. पाण्याबरोबर अंडी जाळीकडे ओढली जायची आणि थोडीफार तिच्यावर चेपून फुटायची. धाकट्या बाईंच्या प्रत्येक खेपेत अशी तीनचार हजार अंडी फुटलेली होती. अक्काच्या खेपांतही पूर्वी तेवढीच असायची. पण गेल्या चार खेपांत तो आकडा जवळजवळ शून्य होता.

भिंगबाई विचारात पडल्या. जी बाई अंडी मारते, तिच्याच पाळीला जाळीवर अंडी फुटत कशी नाहीत? विष घालणारा माणूस अंडी फुटू नयेत म्हणून कशाला काळजी घेईल?

त्यांनी दोघींना हाक मारली आणि अक्काला सरळ विचारलं, की जाळीवर तुमची अंडी हल्ली चिरडत का नाहीत.

"तो स्पंज आल्यापासून नाही चिरडत," अक्का साधेपणाने म्हणाली. "जाळीभोवती असतो ना, कड्यासारखा. मऊ आहे हो, अंडी नुसती टेकतात आणि सुटतात. पिल्लं निघाली की पंपघरातून येऊन काढून नेतात."

"कोणी बसवला?"

अक्काने मान खाली घातली. "पंपघरातून आला म्हणजे व्यवस्थापकांनीच सांगितलं असणार. मी काय विचारणार? मी त्याच्याशी बोलत नाही."

धाकट्या बाई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"कसला स्पंज?" त्या म्हणाल्या. "माझ्या पाळीला तिथे कधीच काही नसतं."

४

पंपवाला पंपघरात एकटाच होता, एक झडप उघडून तिला तेल देत बसला होता. उंच, वाकलेला, हाताला सतत कसलातरी वंगणाचा डाग. भिंगबाईंनी दार लावून घेतलं आणि उलटसुलट काही न विचारता सांगितलं, की मला तो स्पंज बघायचाय.

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. कोपऱ्यातल्या बादलीत स्वच्छ पाण्यात एक तुकडा भिजत होता. गोल कापलेला, मधे नळाएवढं भोक, कडा कात्रीने इतक्या नीट कातरलेल्या की एखाद्या अंड्याला ओरखडाही उठू नये. पुढच्या पाळीची तयारी होती.

मग तो बोलायला लागला. दोन महिन्यांपूर्वी एकदा तो अंडीघराबाहेरचा नळ दुरुस्त करत होता. आत अक्का जाळीवरची फुटलेली अंडी चिमट्याने काढत होती आणि रडत होती. तिला वाटलं कोणी नाही. चार वर्षांत त्याने तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी घरी जाऊन त्याने पहिलं कडं कापलं. एकदा वापरलेला तुकडा पुन्हा नको, घाण साचलेली असते, म्हणून दर पाळीला नवा तुकडा. चार दिवस आधी भिजवून, सातआठ वेळा पिळून. बाजारचा गाळणीचा स्पंज मागवायचा, तर व्यवस्थापकांची सही लागली असती आणि मग अक्काला कळलं असतं, की हे व्यवस्थापकांनी सांगितलेलं नाही, त्याच्याच मनातलं आहे. तिने तो काढून फेकला असता.

"धाकट्या बाईंच्या पाळीला का नाही बसवलात?"

"त्यांची अंडी फुटली की त्या जाळीला शिव्या घालतात," तो म्हणाला. "रडत नाहीत."

भिंगबाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण पुढचा प्रश्न विचारायलाच हवा होता. हा फोम कशातला?

पंपवाला उठला आणि मागच्या फळीवरून एक चाकांची खुर्ची त्याने खाली घेतली. शुश्रूषागृहाने आईच्या सामानाबरोबर परत दिलेली. बैठक अर्धी कापून संपली होती. खुर्चीच्या पोटाला एक कापडी पट्टी शिवलेली होती. भिंगबाईंनी गळ्यातलं भिंग तिच्यावर धरलं. अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी बैठकीतला फोम आगरोधक आहे, असं त्यावर लिहिलं होतं.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं, आणि मग अंड्यातल्या हृदयाचं काय होतं ते, अगदी थोडक्यात, त्याला सांगितलं. दर वेळी नवा तुकडा, म्हणजे दर वेळी रसायनाचाही नवा भरणा. कितीही पिळला तरी ते सगळं निघत नाही.

पंपवाल्याने खुर्चीच्या चाकावर हात ठेवला. "चारही खेपा मीच मारल्या तर," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तिला सांगू नका, माझं होतं म्हणून. काहीही लिहा. पाणी खराब होतं म्हणा."

"तसं लिहिलं तर परवा तिचं अंडीघर जाईल," भिंगबाई म्हणाल्या.

त्याने बादलीतलं कडं उचललं, पिळलं आणि भिंगबाईंच्या हातात दिलं.

५

शनिवारी सकाळी व्यवस्थापकांच्या खोलीत पाच माणसं बसली होती. टेबलावर काचेच्या दोन बरण्या होत्या. गुरुवारी पहाटे टाकलेल्या, एकाच आईबापांच्या अंड्यांतून प्रत्येकी दोनशे अंडी भिंगबाईंनी त्यांत सोडली होती. पाणी एकाच नळाचं. फरक इतकाच, की डाव्या बरणीत फोमचा बोटभर तुकडा टाकला होता.

उजव्या बरणीत पिल्लं केसाएवढी, सरळ, चपळ, प्रकाशाकडे धावत होती. डाव्या बरणीकडे धाकट्या बाईंनी एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

भिंगबाईंनी सगळं ओळीने मांडलं. पाण्यात रोगजंतू सापडले नाहीत, म्हणून रोग नाही. धाकट्या बाईंची अंडी वाचली, म्हणून पाणी नाही, हौद नाही, रंग नाही. अक्काची अंडी जाळीवर चिरडली नाहीत, म्हणून विष घालणारा वैरी नाही. अक्काच्या पाळीला एकच वस्तू जास्त होती, आणि ती तिच्या भल्यासाठीच ठेवलेली होती. तो फोम कुठून आला, तेही त्यांनी सांगितलं. ठेवणाऱ्याचं नाव मात्र त्या घेईनात.

"मी ठेवला," पंपवाला उभा राहून म्हणाला. "आईच्या खुर्चीतला होता. अक्काला यातलं काही माहीत नाही. तिला अंडीघरातून काढू नका, मला काढा."

अक्काने मान वर केली. भाऊ खोलीत आल्यापासून ती खिडकीकडे बघत होती. आता ती त्याच्या वंगणाच्या हातांकडे बघायला लागली. दोन महिने उजाडताच उठून, आईची खुर्ची कात्रीने कापून, हा आपल्यासाठी स्पंजची कडी करत बसत होता, हे तिला आत्ता कळत होतं. आपण एकदा, फक्त एकदा, 'हे काय ठेवलंस रे' एवढं विचारलं असतं, तर पहिल्याच खेपेला सगळं थांबलं असतं, हेही कळत होतं. तीन लाख जीव वाचले असते. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि या वेळी तिने ते पुसलं नाही.

व्यवस्थापकांना मात्र आता कोणीतरी सापडलं होतं आणि वर काय सांगायचं हेही सुचलं होतं. परवानगीशिवाय हौदात वस्तू टाकणं हा गंभीर गुन्हा आहे, याला आजच कामावरून कमी करावं लागेल, असं ते म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

"परवानगी होती," अक्का म्हणाली.

"कोणाची?"

"माझी. अंडीघरात काय ठेवायचं ते मी ठरवते. बावीस वर्षं मीच ठरवत आलेय. मी त्याला सांगितलं जाळीला काहीतरी मऊ बसव म्हणून. चूक झाली असेल तर माझी."

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं. ते चिडले नव्हते, नुसते थक्क झाले होते. "अक्का, उगाच काहीतरी सांगू नका. तुम्ही कधी सांगितलंत त्याला? चार वर्षं तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत, सगळ्या केंद्राला ठाऊक आहे."

भिंगबाईंनी पिशवीतून आपला अहवाल काढला आणि टेबलावर सरकवला. त्यात दोष फोमचा लिहिला होता. नकळत घडलेली चूक, आणि यापुढे हौदात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची दोघी बायका आणि पंपवाला यांनी एकत्र बसून खात्री करावी, अशी शिफारस होती. कोणाला काढावं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. खात्याचा शिक्का मारलेला कागद आहे, वर पाठवायला पुरेसा आहे, असं त्या म्हणाल्या. शिक्का पाहून व्यवस्थापकांच्या जिवात जीव आला. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, समोरचा कोरा कागद परत खणात टाकला आणि सोमवारची खेप ठरल्याप्रमाणे अक्काच घेईल, असं जाहीर केलं.

"पण ते बोलण्याचं तेवढं..." ते पुटपुटले. "मला विचारलं तर मी काय सांगू?"

अक्का उठली. पदराने तोंड पुसलं आणि भावासमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच, पण आता मान इतकी खाली, की तिला त्याचा चेहरा नीट दिसत होता.

"जेवलास का रे काही सकाळपासून?" तिने विचारलं.

त्याने मानेनेच नाही म्हटलं.

"चल मग घरी," अक्का म्हणाली.